कोकणात समुद्राजवळ घरासाठी जागा घेताना: सातारा-सांगलीकरांसाठी सविस्तर माहिती

जत, विटा, कडेगाव, कराड या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला गुहागर-विजापूर रस्ता लहानपणापासून माहीत असतो. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तिथून तासा-सव्वा तासावर गुहागर. सांगली-मिरजेची माणसं आंबा घाटाने रत्नागिरीला उतरतात. त्याहून दक्षिणेला, देवगड-मालवणकडे जायचं तर गगनबावडा किंवा फोंडा घाट. निवृत्तीचे पैसे हाती आले, मुलं पुण्यात स्थिरावली, की तिकडे चार-पाच गुंठे घेऊन छोटंसं घर बांधावं असं वाटणारी मंडळी आपल्याकडे वाढत चालली आहेत. मी साताऱ्यात घरबांधणीची कामं करतो, घाटाखालीही काही घरं उभी केली आहेत. जागा घेऊन झाल्यावर नकाशा काढायला लोक माझ्याकडे येतात. कित्येकदा सातबारा आणि जागेचा ठावठिकाणा बघूनच कळतं की इथे घर होणार नाही, आणि तोवर आयुष्याची पुंजी जागेत अडकलेली असते. असं कुणाचं होऊ नये, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतो आहे.

आपल्याकडे जागा घेण्याचा क्रम ठरलेला असतो. जागा आवडते, भाव ठरतो, इसार दिला जातो, मग वकील कागद बघतात आणि बांधकाम परवान्याचं नंतर बघू म्हणतात. समुद्राजवळ हा क्रम पूर्ण उलटा करावा लागतो. आधी इथे बांधता येईल का, मग मालक नक्की कोण, मग पाणी आणि वाट, आणि सगळ्यात शेवटी भाव. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नये.

आधी स्वतःचे कागद काढा

जागा बिनशेती (एनए) नसेल तर ती शेतजमीन आहे, आणि महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. कूळ कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. सातारा-सांगलीच्या बऱ्याच घरांना ही अडचण येत नाही. वाळव्यात, माणमध्ये किंवा तासगावात वडिलोपार्जित जमीन असते आणि राज्यातल्या कुठल्याही तालुक्यातला सातबारा चालतो. पण तो तुमच्या नावावर आहे का? पुष्कळांचं गाडं इथे अडतं. वडील जाऊन दहा वर्षं झाली, वारस नोंद केलेलीच नाही, किंवा सगळी जमीन मोठ्या भावाच्या नावावर एकत्र कुटुंबप्रमुख म्हणून आहे. कोकणात जागा बघायला निघण्याआधी गावी जाऊन वारस नोंद करून घ्या आणि तहसीलदारांकडून शेतकरी असल्याचा दाखला काढा.

कुठलीच शेती नसेल तर फक्त बिनशेती झालेली जागा बघा. "दाखल्याचं आम्ही बघतो" म्हणणारा मध्यस्थ भेटला तर तिथूनच परत फिरा. खोट्या दाखल्यावर केलेला व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि दिलेले पैसे विकणाऱ्याकडून परत मिळवायला आयुष्य जातं.

बांधता येईल का?

सांगलीत कृष्णाकाठी जागा घेताना आता लहान मूलसुद्धा निळी रेषा आणि लाल रेषा कुठे आहे ते विचारतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी आपल्याला ते शिकवलं. नदीकाठी जे काम पूररेषा करते, ते समुद्रकाठी भरतीरेषा करते. फरक एवढाच की ती जमिनीवर कुठे आखलेली दिसत नाही.

केंद्र सरकारच्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेला सगळे सीआरझेड म्हणतात. आत्ताची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची. समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत तिची सत्ता चालते. खाडीकाठी ती ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल तेवढी. या पट्ट्याचे वर्ग पाडलेले आहेत. घर बांधणाऱ्याने ते नीट समजून घ्यावेत, कारण एकाच गावातल्या दोन जागांचं भवितव्य या वर्गांवरून वेगळं होतं.

पहिला वर्ग पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक जागांचा: कांदळवन (खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडी), वाळूच्या टेकड्या, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं. इथे घराचा विचारच करू नका. दुसरा वर्ग शहरी हद्दीतल्या, आधीपासून वस्ती असलेल्या भागांचा. तिथे आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं, समुद्राकडच्या बाजूला नाही. तिसरा वर्ग ग्रामीण भागांचा, आणि आपल्या लोकांच्या बहुतेक जागा यात पडतात. यात पुन्हा दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक राहत असतील तर भरतीरेषेपासून ५० मीटरचा पट्टा ना विकास क्षेत्र असतो, म्हणजे तिथे नवं घर बांधता येत नाही. लोकवस्ती त्याहून विरळ असेल तर हा पट्टा २०० मीटरचा. कोकणातली बहुतेक गावं विरळ वस्तीची आहेत हे कुणाला वेगळं सांगायला नको. तरी मध्यस्थ हटकून ५० मीटरचाच आकडा सांगतात. त्या गावाला कोणता मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडा लागू आहे आणि त्यात हा सर्व्हे नंबर कशात पडतो, एवढंच विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

भरतीरेषा म्हणजे तुम्ही उभे असताना पाणी जिथपर्यंत आलं ती रेषा नव्हे. ती केंद्राने नेमलेल्या संस्थेने आखलेली असते. २०१९ च्या अधिसूचनेसाठी हे काम चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने केलं. त्यामुळे टेप घेऊन किनाऱ्यावर स्वतः मोजण्यात अर्थ नाही. आराखड्याचे नकाशे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे असतात. जागा रेषेच्या आसपास असेल तर अधिकृत संस्थेकडून १:४००० प्रमाणाच्या नकाशावर सर्व्हे नंबर बसवून घ्यावा. खर्च येतो, पण जागेच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

गुहागरचंच उदाहरण घेऊ. गावातून समुद्राला समांतर लांबलचक रस्ता जातो. रस्त्याला लागून घर, मागे नारळी-पोफळीचं आगर आणि आगर संपलं की पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, अशा अरुंद पट्ट्या आहेत. समजा, १२ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब, म्हणजे जवळजवळ १२ गुंठ्यांची पट्टी तुम्हाला दाखवली. दाखवणारा तुम्हाला आगरातून थेट वाळूवर नेतो. समोर समुद्र, माथ्यावर नारळाच्या झावळ्या. तिथे उभं राहिल्यावर माणूस मनातल्या मनात पडवी बांधून मोकळा होतो. पण २०० मीटरचा पट्टा लागू असेल तर या पट्टीत काहीच बांधता येत नाही, आणि बांधता आलंच तर ते रस्त्याकडच्या टोकाला, जिथून समुद्र दिसतही नाही. भाव मात्र १२ गुंठ्यांचा समुद्रकाठचा लावलेला असतो. अशा जागेत किती चौरस मीटरवर खरोखर बांधता येईल ते आधी काढा आणि भावाची बोलणी त्याच्यावर करा. उरलेलं आगर आहे, त्याला आगराचा भाव.

खाडीकाठच्या जागांना आणखी एक कलम लागतं. कांदळवन खाजगी जमिनीत असलं तरी तोडता येत नाही आणि त्याच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट सांगितलं आहे. "झाडी साफ करून देतो" असं कुणी म्हणालं तर तो गुन्हा तुमच्या नावावर चढणार आहे हे लक्षात ठेवा.

ना विकास क्षेत्राच्या पलीकडे ग्रामीण भागात घराला साधारण तळमजला आणि वर एक मजला, एकूण ९ मीटर उंची एवढीच मुभा असते. स्वतःच्या राहण्याचं, ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर सीआरझेडच्या दृष्टीने तपासून परवानगी स्थानिक प्राधिकरण देऊ शकतं, मोठ्या प्रकल्पांसारखं वरपर्यंत जावं लागत नाही. साध्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. घर या मर्यादेतच आखा.

सीआरझेडच्या बाहेर असाल तरी काम संपत नाही. नगररचना कार्यालयातून झोन दाखला घ्या. जागा रहिवासी विभागात आहे, शेती विभागात आहे की एखाद्या रस्त्याच्या आरक्षणात, ते त्यावरून कळतं. रेवस-रेड्डी सागरी मार्गाची आखणी जवळून जाते का तेही विचारा. गावठाणाच्या हद्दीलगत जागा असेल तर बिनशेतीचं काम सोपं होतं.  म्हणून गावठाणालगतची जागा थोडी महाग पडली तरी घ्यावी, असं माझं मत आहे. तिथे वीज, पाणी, शेजार सगळंच जवळ असतं.

मालक नक्की कोण?

आपल्याकडे एका गटावर दोन-चार भाऊ असतात. कोकणात एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं सहज निघतात. जमिनी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राहिल्या, माणसं मुंबईला गेली, तोंडी वाटप झालं, "हा भाग आमच्या वहिवाटीचा" एवढ्यावर सगळं चालत आलं. ज्याच्या ताब्यात जागा आहे तो प्रामाणिकपणे तिला स्वतःची समजतो. तो फसवत नसतो. पण कायद्याने तिथे प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क असतो.

महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. तो समोर ठेवून सावकाश वाचा. डावीकडे भोगवटादार वर्ग १ आहे की २? वर्ग २ असेल तर विक्रीला वरिष्ठ महसूल अधिकाऱ्यांची परवानगी लागते. खाते सामाईक आहे का, हिस्से आणे-पैत लिहिलेत का, तेही बघा. कंसात घातलेली नावं कमी झालेली असतात. ती कोणत्या फेरफाराने कमी झाली तो क्रमांक शेजारीच असतो. मग इतर हक्कात या. कुळाचं नाव, बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुणाची जायची वाट, कूळ कायदा कलम ४३ चा शेरा. हा ४३ चा शेरा कोकणात फार दिसतो. कुळाने कायद्याने विकत घेतलेली जमीन असते ती. प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा सरकारला भरून विकता येते. ही पूर्तता विकणाऱ्याने आधी करायची.

'खाजगी वन' किंवा 'राखीव वन' असा कुठलाही शेरा दिसला तर ती जागा सोडून द्या. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली कोकणातल्या पुष्कळ जमिनी शासनाकडे निहित झाल्या. काहींच्या सातबाऱ्यावर ती नोंद उशिरा चढली. गट डोंगराकडचा, वरकस (हलक्या, उताराच्या जमिनीचा) किंवा झाडीचा असेल तर वन खात्याकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सातबाऱ्यावरून मागे जात प्रत्येक फेरफार काढा. निदान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा, आणि वकील शक्यतो त्याच तालुक्यातला असावा. साताऱ्याचा वकील कितीही हुशार असला तरी कुठल्या वाडीतला कोणता वाद प्रांतांकडे चालू आहे ते त्याला कळत नाही. वारस नोंदी तपासताना बहिणी आणि मुलींची नावं आहेत का ते मुद्दाम बघा. "त्या लग्न होऊन गेल्या, त्यांना काय करायचंय" हे वाक्य ऐकायला मिळेल. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. त्यांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवंच.

"सगळे आमचेच भाऊबंद आहेत, सह्यांचं मी बघतो," असं विकणारा म्हणेल. त्याला आदराने सांगा, काका, आधी सगळ्यांची यादी करू. कोण हयात, कोण मयत, कोण कांदिवलीला, कोण बडोद्याला, सगळं कागदावर लिहा. कुणाचं कुलमुखत्यारपत्र असेल तर ते नोंदणीकृत आहे का आणि देणारा आज जिवंत आहे का ते तपासा. देणारा गेला की ते पत्रही संपतं. आणि जाहीर नोटीस रत्नागिरीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या दैनिकासोबत मुंबईच्या दैनिकातही द्या. निम्मे हिस्सेदार तिथेच राहतात, हरकत तिथूनच यायची.

आता सगळ्यात जास्त फसवणूक होते त्या प्रकाराबद्दल. मोठा गट घेऊन त्याचे तीन-तीन गुंठ्यांचे तुकडे पाडतात, चुन्याने आखतात, "सातबाऱ्यावर तुमचं नाव लागेल" म्हणून सांगतात. नाव लागतंही, पण सामाईक खात्यात, बाकी वीस अनोळखी माणसांबरोबर. तुमचे तीन गुंठे कोणते ते कुठल्याही सरकारी नकाशावर नसतं. तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडण्यावर बंधन आहे. बहुतेक जिल्ह्यांत ते क्षेत्र २०२३ पासून जिरायताला २० गुंठे आणि बागायताला १० गुंठे केलं आहे. जुने व्यवहार नियमित करण्यासाठी सरकारने वेळोवेळी सवलती दिल्या, पण त्या जुन्या व्यवहारांसाठी आहेत. उद्या पुन्हा सवलत मिळेल या आशेवर नवा तुकडा घेऊ नका. सांगलीतल्या गुंठेवारीच्या वस्त्यांत लोकांनी रस्ता, गटार, दाखला यांसाठी किती वर्षं हेलपाटे मारले ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. मंजूर रेखांकनातला बिनशेती प्लॉट घ्या, किंवा स्वतंत्र सातबारा आणि स्वतंत्र नकाशा असलेला हिस्सा घ्या. तिसरा पर्याय नको.

मोजणी, वाट आणि गडगे

भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी विकणाऱ्याच्या अर्जाने, पण तुमच्या समोर झाली पाहिजे. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, मोजणीदार खुणा देतो आणि नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळते. ती हातात घेऊन गडग्याच्या कडेने चाला. जांभ्या दगडाचा गडगा कोकणात हद्द समजला जातो, पण तो नेहमी नकाशावरच्या रेषेवर असतोच असं नाही. गडगा आत किंवा बाहेर निघाला तर शेजाऱ्याशी खरेदीआधी बोला. चहा घ्या त्यांच्याकडे. वर्षातले दहा महिने तुम्ही साताऱ्यात असणार आणि जागेवर डोळा तेच ठेवणार.

वाटेबद्दल कडक राहा. पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, चालत जाता येतं आणि बांधकामाचा ट्रक आत येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधकाम परवान्याला पुरेशा रुंदीचा, कायदेशीर पोहोच रस्ता दाखवावा लागतो. "आमच्या आवारातून जा हो, कोण अडवतंय?" असं आज म्हणणारा माणूस उद्या नसेल. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून असेल तर रुंदी आणि लांबी लिहून, नकाशा जोडून, नोंदणीकृत दस्ताने हक्क घ्या आणि त्या जमिनीच्या इतर हक्कात नोंद करून घ्या. शेतात जायची वाट तहसीलदार देतात तशी घरासाठी मिळेल, या भरवशावर राहू नका.

पाणी मे महिन्यातच बघा

तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाण्याची काय काळजी, असं घाटावरच्या माणसाला वाटतं. आटपाडी-जतकडच्या माणसाला तर नक्कीच वाटतं. पण तो पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून समुद्राला जातो. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर चढतं. दिवाळीत गोड लागणारी विहीर मे महिन्यात मचूळ होते ती यामुळेच.

म्हणून एप्रिल-मेमध्ये जा. जागेतली विहीर असेल तर ती, नसेल तर चारही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या विहिरी बघा. पाणी किती हात खाली गेलंय ते बघा, चव घ्या, आणि बाटली भरून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १,००० आहेत. घरातल्या आजींना विचारा, "मे महिन्यात प्यायला कुठलं पाणी वापरता?" त्या सांगतील ते प्रयोगशाळेच्या कागदाइतकंच महत्त्वाचं. बोअर मारू, ही आपल्याकडची सवय इथे सोडा. किनाऱ्यालगत भूजल उपशावर सीआरझेडचे निर्बंध आहेत, आणि खोल बोअर खाऱ्या पाण्यालाच जाऊन भिडते. नळयोजनेची जोडणी मिळेल असं नगरपंचायतीचं किंवा ग्रामपंचायतीचं पत्र असेल तर उत्तम.

इथेच जागेच्या आकाराचाही प्रश्न येतो. विहीर आणि सांडपाण्याचा शोषखड्डा यांत किमान १५ मीटर अंतर ठेवावं, वाळूच्या जमिनीत जास्तच. तीन गुंठे म्हणजे साधारण १७ मीटर बाय १७ मीटर. त्यात घर, विहीर, शोषखड्डा, शिवाय शेजाऱ्याच्या विहिरीपासूनचं अंतर, हे बसतच नाही. पाच गुंठ्यांखालची जागा नळाच्या पाण्याशिवाय घेऊ नये, असं मी सगळ्यांना सांगतो.

जमीन आणि पावसाळा

आपल्याकडे काळी माती किती खोल, मुरूम कुठे लागतो, याची चिंता असते. तिकडे तीन प्रकार भेटतात. वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर, कातळ. पाया सोपा आणि भक्कम, पण विहीर खणणं आणि झाड लावणं अवघड. मधल्या उतारावर तांबडी माती आणि जांभा, घरासाठी माझ्या मते सगळ्यात चांगली. आणि खाली पुळणीची वाळू किंवा खाडीकाठची खाजणाची चिकट जमीन. वाळूवर घर होतं, पण पायाचं संकल्पन अभियंत्याकडून करून घ्यावं लागतं. खाजणात भराव घालून प्लॉट पाडलेले दिसले तर दूर राहा. भराव बसत राहतो, भिंती तडकतात, आणि तो भराव कायदेशीर होता का हा प्रश्न वेगळाच.

जागा एकदा जुलैत बघाच. मार्चमध्ये दिसणारी कोरडी पाणंद जुलैत पऱ्ह्या, म्हणजे वाहता ओढा, झालेली असते. वरच्या सगळ्या सड्याचं पाणी तुमच्या प्लॉटमधून वाट काढत असेल तर ते अडवता येत नाही, त्याला वाट करूनच द्यावी लागते. सांगलीच्या शामरावनगरात पावसाचं पाणी तुंबून राहतं तेव्हा काय हाल होतात ते माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कुणाची कौलं आणि पत्रे उडाले, हे गावात कुणीही सांगतं.

पैसे आणि दस्त

हे सगळं जुळल्यावर भाव. त्या गावाचा वार्षिक बाजारमूल्य दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघा. त्याच गटाच्या आसपास गेल्या दोन वर्षांत झालेल्या दस्तांचा गोषवारा, म्हणजे 'सूची दोन', त्याच विभागाच्या ई-सर्चवर मिळतो, त्यावरून खरा व्यवहार कितीला होतोय याचा अंदाज येतो. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी दर यांतलं जे जास्त असेल त्यावर लागतं. ते क्षेत्रानुसार साधारण ५ ते ७ टक्क्यांत जातं. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००.

इसार रोख देऊ नका. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्याचं बंधन आहे. आणि बँकेतून दिलेला पैसाच उद्या कोर्टात सिद्ध होतो. साठेखत नोंदणीकृत करा. त्यात अटी स्पष्ट लिहा: सर्व हिस्सेदारांच्या सह्या, सीआरझेड आणि झोनचा लेखी खुलासा, 'क' प्रत आणि वाटेचा दस्त विकणाऱ्याने अमुक मुदतीत द्यावेत. न दिल्यास इसार परत, अमुक दिवसांत. कोकणात सह्या गोळा व्हायला गणपती आणि शिमगा हे दोनच हुकमी मुहूर्त असतात, कारण तेव्हाच सगळे चाकरमानी गावी येतात. मुदत ठेवताना याचा विचार करा. तीन महिने म्हणून बसलात तर दोघांनाही त्रास.

कर्ज काढणार असाल तर बँकेला आधीच विचारा. बहुतेक बँका बिनशेती, मंजूर प्लॉटवरच कर्ज देतात आणि ठराविक मुदतीत बांधकाम सुरू करण्याची अट घालतात.

खरेदीखत झाल्यावर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद धरतात, नोटिसा जातात, हरकत नसेल तर पंधरा दिवसांनंतर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. नोंदीची स्थिती 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. शेवटचा हप्ता शक्यतो दस्ताच्या दिवशीच द्यावा. पण ताबापावती आणि हद्दीच्या खुणा त्याच दिवशी ताब्यात घ्याव्यात.

घराचं अंदाजपत्रक करताना

जागेच्या भावात सगळे पैसे संपवू नका. तिथलं घर आपल्याकडच्यापेक्षा महाग पडतं. खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजतं, म्हणून भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावर आरसीसीला किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलीमीटर आच्छादन धरावं लागतं. गवंडी नेहमीच्या सवयीने २५ मिलीमीटरचे कव्हर ब्लॉक लावतो. ते स्वतः उभं राहून बदलून घ्या. किनाऱ्यावरची वाळू बांधकामाला कधीही वापरू नये. ती उचलणं बेकायदा आहे, आणि त्यातलं मीठ सळई आतून खातं. काँक्रीटला पाणीही गोडंच हवं. भिंतींना जांभ्याचा चिरा, उतरतं छप्पर, आणि छपराचे वासे भिंतीच्या वरच्या पट्ट्यात बोल्टने जखडलेले.

कामाचं वेळापत्रक पावसावर बेता. परवाना पावसाळ्यातच हातात आला पाहिजे, दसऱ्याला पायाची खोदाई, आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत छप्पर पूर्ण. पाया काढून जोत्यावर काम थांबलं तर चार महिन्यांत उघड्या सळया गंजून जातात आणि चिऱ्यांवर शेवाळ धरतं. एका हंगामात छपरापर्यंत जाईल एवढे पैसे हाताशी नसतील तर यंदा फक्त विहीर, गडगा आणि नारळाची रोपं एवढंच करा, आणि बांधकाम पुढच्या दसऱ्याला काढा.